हवेतलं अंतर

मुंबई ते कोलकाता विमानाचं अंतर किती, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात? आणि जायचंय की यायचंय?" समोरच्याला वाटतं, बाई चेष्टा करतेय. नकाशावरून मोजलं तर उत्तर एकच आहे. साडेसोळाशे किलोमीटर आणि वर थोडे. आमच्या हिशेबात नऊशे नॉटिकल मैल. सांताक्रूझची धावपट्टी जागची हलत नाही आणि दमदमचीही नाही. पण माझी नोकरीची वर्षं एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात गेली, आणि तिथे या एका आकड्याला रोज नवे फाटे फुटताना मी पाहिले.

डिस्पॅच म्हटलं की बऱ्याच जणांना कुरिअरचं ऑफिस आठवतं. आम्ही बनवायचो तो उड्डाणाचा आराखडा, फ्लाइट प्लॅन. विमान कुठल्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून, वाटेत वारा कुठला आणि किती, पोचायला मिनिटं किती, त्यासाठी इंधन किती, उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, हे सगळं विमान सुटायच्या तास-दोन तास आधी तयार लागायचं. दोन्ही गावांचं आत्ताचं हवामान सांगणारे मेटार आणि पुढचा अंदाज सांगणारे टाफ, कुठली धावपट्टी बंद आणि कुठला दिवा नादुरुस्त हे सांगणारे नोटॅम, उंचावरच्या वाऱ्यांचे तक्ते, असा ढीग पुढ्यात घेऊन बसायचं. गणित संगणक करतो. ते गणित आजच्या दिवसाला लागू पडतं का, हे बघायला माणूस लागतो. कॅप्टन काउंटरवर येऊन कागद चाळायचे, इंधनाच्या आकड्यावर बोट ठेवायचे, कधी तो वाढवून घ्यायचे, मग सही. पुढे हे कागद टॅबलेटवर गेले आणि कॅप्टन काउंटरवर येईनासे झाले. कागद वाचले, हे चांगलंच. पण फोनवर "ठीक आहे" म्हणणारा कॅप्टन मनातून कितपत राजी आहे हे त्याच्या कपाळाकडे बघितल्याशिवाय कळत नाही, असं माझं मत अजून कायम आहे.

नॉटिकल मैलाचं एक सांगून टाकते, म्हणजे पुढचे आकडे टोचणार नाहीत. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की त्यातल्या एका भागाची जमिनीवरची लांबी म्हणजे एक नॉटिकल मैल, 1.852 किलोमीटर. तासाला एक नॉटिकल मैल या वेगाला नॉट म्हणतात. वैमानिक, नियंत्रक आणि आम्ही याच मापात बोलतो. किलोमीटर प्रवाशांसाठी.

तर हे नऊशे मैल म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट. ती नागपूरच्या किंचित दक्षिणेकडून जाते. कुठलंही विमान ती जशीच्या तशी उडत नाही. सुरुवात मुंबईपासूनच होते. वर्षातला बराच काळ मुंबईत वारा समुद्राकडून येतो, आणि विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उडायचं, तोंड देऊनच उतरायचं, हा नियम. म्हणून उड्डाणं बहुतेक 27 क्रमांकाच्या धावपट्टीवरून, पश्चिमेकडे. म्हणजे कोलकात्याला निघालेलं विमान आधी अरबी समुद्रावर जातं. खिडकीजवळच्या नवख्या प्रवाशाला खाली जुहूचा किनारा आणि पुढे नुसतं पाणी दिसतं आणि तो शेजाऱ्याकडे बघतो. मग वळण, उंची गाठणं, आणि ज्या शहरातून निघालो त्याच्याच डोक्यावरून किंवा बगलेने पूर्वेकडे. तिकडे दमदमच्या दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ दक्षिणोत्तर आहेत. पश्चिमेकडून आलेल्या विमानाला कुठल्याही टोकाने उतरायचं म्हटलं तरी वळावंच लागतं. दोन्हीकडचे वळसे, ठरलेल्या हवाई मार्गांचे कोपरे, लष्करासाठी राखून ठेवलेले आकाशाचे तुकडे चुकवणं, हे सगळं धरलं की नऊशेवर चाळीस-पन्नास मैल सहज चढतात.

नागपूरचं नाव आलं की आमचे एक वरिष्ठ हमखास रात्रीच्या टपालाचा विषय काढायचे. ते मूळचे नागपूरचे, महालातले. 1949 साली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांनी एकेक विमान संध्याकाळनंतर निघायचं, मध्यरात्रीच्या सुमाराला चारही विमानं सोनेगावच्या तळावर जमायची. टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी एकातून दुसऱ्यात जायचे, आणि पहाटेच्या आत विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटायला तयार. डकोटाचा वेग तासाला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते नागपूर पावणेसातशे-सातशे किलोमीटर, म्हणजे अडीच तासांचा मामला. तेवढ्या वेळात आजचं जेट मुंबईहून कोलकात्याला पोचून दारं उघडतं. तरी मला त्या योजनेत एक गोष्ट फार आवडते: चारही मार्गांची वेळ एकाच क्षणाशी बांधलेली होती. कलकत्त्याच्या विमानाला समोरचा वारा लागला तर मद्रासचं टपाल थांबणार. त्या काळी उंचावरच्या वाऱ्याचा अंदाज म्हणजे हवामान खात्याने सोडलेला फुगा दुर्बिणीतून बघून काढलेला आकडा. त्यावर विसंबून चार विमानं मध्यरात्री एका ठिकाणी आणणं हे आमच्या कामातल्या कुणालाही कौतुकाचंच वाटेल.

पण आतापर्यंतचं सगळं जमिनीवरचं अंतर झालं. आमच्या आराखड्यात त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असे, हवेतल्या अंतराचा. नव्याने आलेली मुलं त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जायची. मी त्यांना तिथेच थांबवायचे, कारण सगळी मेख त्यात आहे.

विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं. त्याच्या पंखांना आणि इंजिनांना खालच्या विदर्भाशी किंवा छत्तीसगडशी काही देणंघेणं नसतं. ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत ठरावीक वेगाने पुढे जातं, समजा 450 नॉट. हवा स्वतः पूर्वेकडे वाहत असेल तर ती विमानालाही घेऊन जाते. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, तीच जेट स्ट्रीम. तिच्या गाभ्यात वेग शंभर नॉटच्या वर जातो. मुंबई-कोलकाता मार्ग तिच्या दक्षिणेच्या कडेकडेने जातो, तरी जानेवारीत साठ-सत्तर नॉट वारा मिळणं नवलाचं नाही. सत्तर धरू. जाताना जमिनीवरचा वेग होतो 520, येताना उरतो 380. नऊशे मैलांना जाताना 104 मिनिटं लागतात, येताना 142. हवेतून कापलेलं अंतर जाताना 780 मैल भरतं, येताना 1065. धावपट्ट्या त्याच, पण इंजिनांनी जे अंतर ओढलं त्यात पावणेतीनशे मैलांहून जास्त फरक. इंधन जळतं ते या दुसऱ्या अंतरावर.

इथे मी प्रत्येक नव्या मुलाला एक प्रश्न विचारायचे. जाताना वाऱ्याने मदत केली, येताना अडवलं. मग जाऊन-येऊन हिशेब बरोबरीत सुटला की नाही? बहुतेक सगळे हो म्हणायचे. इंजिनिअरिंग करून आलेलेसुद्धा. मग मी कागद पुढे सरकवायचे. वारा नसता तर जायला 120, यायला 120, एकूण 240 मिनिटं. वाऱ्यासकट 104 आणि 142, म्हणजे 246. जाताना सोळा मिनिटं मिळाली, येताना बावीस गेली. वारा उसनं देतो ते व्याजासकट वसूल करतो. कारण साधं आहे: मागून ढकलणाऱ्या वाऱ्यात विमान कमी वेळ असतं आणि समोरून अडवणाऱ्या वाऱ्यात जास्त वेळ. वारा जितका जोरदार तितकं हे व्याज चढं. दिवसभर मुंबई-कोलकाता-मुंबई-कोलकाता अशा फेऱ्या मारणाऱ्या विमानाचं वेळापत्रक जानेवारीत संध्याकाळपर्यंत का ढासळतं, याची निम्मी कथा या सहा मिनिटांत आहे. उरलेली निम्मी मुंबईच्या आकाशात आहे, तिकडे येतेच.

पावसाळ्यात चित्र उलटं होतं. खाली, दीड-दोन किलोमीटरवर, नैऋत्येचा मोसमी वारा जोरात असतो, पण विमान जिथून जातं त्या उंचीवर जुलै-ऑगस्टमध्ये वारा पूर्वेकडून येतो. हिवाळ्याइतका तो दांडगा नसतो, पण दिशा बदलते ती बदलतेच. मग कोलकात्याला जाणं लांबतं आणि परत येणं सोपं होतं. म्हणून मी महिना विचारते.

उंचीचाही नियम आहे. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम पातळ्या, 33, 35, 37 हजार फूट; पश्चिमेकडे येणाऱ्यांना सम, 34, 36, 38. समोरासमोरची विमानं एका पातळीवर येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था. वर हवा विरळ, म्हणून इंधन कमी. पण हिवाळ्यात वरच समोरचा वाराही जास्त. परतीला कधीकधी खालून येणं परवडतं: तासाला इंधन जास्त जळतं, पण वारा वीस नॉटने कमी. कुठे परवडतं आणि कुठे नाही, याचं उत्तर दर रात्री वेगळं निघायचं, आणि खरं सांगायचं तर मला या कामातला सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळायचा.

ते इंधनाचं गणित प्रवाशाला कधीच दिसत नाही. मार्गाला लागणारं इंधन, आमच्या मध्यम विमानांना तासाला साधारण अडीच टन. त्यावर पाच टक्के, अंदाज चुकला तर म्हणून. मग ऑल्टरनेट: कोलकात्यात उतरता आलं नाही तर भुवनेश्वर किंवा रांची, तिथपर्यंतचं. आणि शेवटी अर्ध्या तासाचं राखीव, ज्याला हात लावायची वेळ येऊच द्यायची नसते. एप्रिल-मे महिन्यांत तिकडे कालबैशाखी उठते. दुपार कलली की वायव्येकडून काळी भिंत येते, वारा क्षणात दिशा बदलतो, तासाभरात सगळं निवळतं. त्या तासात जो वर असेल त्याने फेऱ्या मारायच्या किंवा भुवनेश्वर गाठायचं. संध्याकाळच्या कोलकाता फ्लाइटला त्या दिवसांत मी विचारण्याआधीच जास्त इंधन धरून ठेवायचे. त्यावर वरच्या मजल्यावरून विचारणा व्हायची, कारण इंधन फुकट वाहून नेता येत नाही. जादा उचललेल्या टनातले तासाला अंदाजे तीन टक्के ते टन वाहण्यातच जळतात.

"मॅडम, परतीला टनभर जास्त टाका," एक जुने कॅप्टन नेहमी म्हणायचे.

"सर, वारा तर मी सगळा धरलाय."

"वारा धरलात. मुंबई धरलीत का?"

त्यांचं खरं होतं. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाला एकच. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आणि रस्ता एक. संध्याकाळी साताच्या पुढे येणारं विमान नियंत्रक आकाशात ठरलेल्या जागी गोल फिरत ठेवतात. एका फेरीला चार मिनिटं: मिनिटभर वळण, मिनिटभर सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. खाली शहराचे दिवे दिसत असतात, प्रवाशांनी पट्टे बांधलेले असतात, आणि विमान चार-पाच वेळा त्याच ढगावरून जातं. टनभर इंधन म्हणजे अशी पंचवीसेक मिनिटं. हे कापलेलं अंतर कुठल्याच नकाशात धरलेलं नसतं. त्यातून विमान कुठेही पोचत नाही, तरी ते कापावंच लागतं.

आता वेळापत्रकातला वेळ. प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास म्हणजे आकाशातला काळ. आमच्या दृष्टीने वेळ सुरू होतो चाकाखालचे चॉक काढले जातात तेव्हा आणि संपतो पोचल्यावर चॉक पुन्हा लागतात तेव्हा. याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात मागे ढकलणं, धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उड्डाण, फेऱ्या, उतरणं, मग पार्किंगची जागा मोकळी व्हायची वाट बघणं, सगळं येतं. मुंबई-कोलकाता तिकिटावर अडीच तासांच्या वर छापलेलं असतं. आकाशातले त्यातले दोन, कधी त्याहून कमी. विमानं गेल्या पन्नास वर्षांत हळू झालेली नाहीत. विमानतळांवरची गर्दी वाढली, आणि तिकिटावरची मिनिटं तिच्या मागोमाग वाढत गेली.

लोक म्हणतात कंपन्या मुद्दाम वेळ फुगवतात. फुगवतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान वेळेवर धरलं जातं, आणि दर महिन्याला वक्तशीरपणाची टक्केवारी प्रसिद्ध होते. तेव्हा आपला आकडा बरा दिसावा असं कुणालाही वाटणार. वेळापत्रक ठरवणाऱ्यांशी मी यावरून पुष्कळ वाद घातले, पण माझी तक्रार वेळ वाढवण्याबद्दल कधीच नव्हती. दहातल्या आठ दिवशी जो वेळ लागतो तो छापणं हा प्रामाणिकपणाच आहे. माझी तक्रार त्या घोषणेबद्दल होती: "आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचत आहोत." ही वीस मिनिटं कुणी कमावलेली नसतात. ती आम्हीच आधी तिकिटात घातलेली असतात.

माझी आत्या लेकाकडे कोलकात्याला हिवाळ्यात जायची. परत आली की मला ऐकवायची, "अगं, जातानाचा पायलट फार हुशार होता. अर्धा तास आधी नेलं. येतानाचा मात्र सुस्त." मी तिला वाऱ्याचं सांगून बघितलं. ती म्हणाली, "वारा दोघांनाही सारखाच की गं." यावर काय बोलणार? तिचा सुस्त पायलट बहुधा समोरच्या वाऱ्यातून आणि मुंबईच्या फेऱ्यांमधून विमान वेळेवर आणून बसला होता. जेट विमानाला जोर लावून फारसं काही साधत नाही, हेही तिला कधी पटलं नाही. ध्वनीच्या वेगाच्या 0.78 पटीने चाललेलं विमान 0.80 वर नेलं तर या मार्गावर दोन-अडीच मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र चांगलंच खातं. उशीर आकाशात भरून निघत नाही. निघायचाच असेल तर तो जमिनीवर, दारं लवकर लागली तर.

घड्याळाचा एक घोळ मात्र आमच्या वाट्याला आला नाही. डिस्पॅचमध्ये सगळं झुलू वेळेत चालतं, ग्रिनिचच्या. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एके काळी मुंबईची वेळ वेगळी होती आणि कलकत्त्याची वेगळी, दोघींत तासाभराहून थोडा जास्त फरक. मुंबईने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत कवटाळून ठेवली होती. घड्याळं एक झाली, सूर्य मात्र अजून जुन्याच हिशेबाने चालतो. डिसेंबरात मुंबईहून दुपारी साडेतीनला निघालेल्या माणसाला वाटेतच अंधार गाठतो आणि दमदमला उतरताना त्याला वाटतं, प्रवास फारच लांबला.

2020 साली माझ्या समजुतीला दोन धक्के बसले. कोरोनामुळे मार्चच्या शेवटी देशातली प्रवासी उड्डाणं थांबली ती 25 मे रोजी पुन्हा सुरू झाली, आणि सरकारने भाड्यावर किमान-कमाल मर्यादा घातल्या. मर्यादा ठरवायच्या कशावर? किलोमीटरवर नव्हे, वेळेवर. चाळीस मिनिटांच्या आतल्या मार्गांपासून तीन-साडेतीन तासांच्या मार्गांपर्यंत सात पट्टे. दिल्ली-मुंबई नव्वद ते एकशेवीस मिनिटांच्या पट्ट्यात बसवलेला, भाडं साडेतीन हजार ते दहा हजार. आमच्या वेळापत्रकात त्याच मार्गाला दोन तासांहून जास्त छापलेलं असे. सरकारने आकाशातला वेळ धरला होता, आम्ही जमिनीवरचाही धरत होतो. त्या महिन्यांत आकाश इतकं मोकळं होतं की नियंत्रक विमानांना कोपरे न घेता सरळ सोडत. मुंबईत फेऱ्या नाहीत, रांग नाही. कागदावरचा आणि प्रत्यक्षातला वेळ कित्येकदा मिनिटाच्या फरकाने जुळायचा. डिस्पॅचरचं स्वप्नच ते, पण आत प्रवासी तोंडाला प्लास्टिकच्या ढाली लावून बसलेले.

दुसरा धक्का जुलैत. पश्चिम बंगाल सरकारच्या विनंतीवरून 6 तारखेपासून सहा शहरांमधून कोलकात्याला येणारी विमानं बंद झाली. त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर ही आपली तीन होती. हवामान उत्तम, वारा हलका, धावपट्ट्या रिकाम्या, आणि आराखड्याच्या यादीत कोलकाता नाही. तिकडे अडकलेले लोक भुवनेश्वर, रांचीमार्गे येण्याचे रस्ते शोधत होते. जी नावं आमच्या कागदावर संकटाच्या वेळचा पर्याय म्हणून असायची, ती लोकांच्या तोंडी मुक्कामाची म्हणून आली. सप्टेंबरपासून आठवड्यातले काही दिवस ठरवून मार्ग उघडला.

राजकारणाने अंतर बदलतं हे आंतरराष्ट्रीय डेस्कवरच्या सहकाऱ्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. 2019 च्या फेब्रुवारी अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यात उघडली. तोवर दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमानं आधी खाली गुजरातकडे यायची आणि मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळायची. 2025 च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांसाठी ती दारं पुन्हा लागली. दिल्ली आणि लंडन होती तिथेच आहेत. मधला वळसा तेवढा वाढला.

याच्या नेमकं उलट उदाहरण आमच्याकडे शिकवायला ठेवलेलं होतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाताना पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. रस्ता हजार-चौदाशे किलोमीटरने लांब झाला, पंधरा हजार तीनशे किलोमीटरच्या घरात, आणि प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण आता वारा मागून होता. प्रशिक्षणात मी हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तो हवेतल्या अंतराचा रकाना उजळायचा. नंतर कुणी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जायचं नाही.

आता मी निवृत्त आहे, पण नातेवाइकांच्या लेखी नाही. 2025 च्या डिसेंबरात नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली, तेव्हापासून फोन वाढले आहेत. बोरिवलीच्या पुतण्याने परवा विचारलं, "काकू, उलवे कोलकात्याला जवळ ना? पूर्वेला आहे. मग तिकडूनच जाऊ का?" हिशेब सोपा होता. जुन्या विमानतळापेक्षा नवा कोलकात्याला वीसेक किलोमीटर जवळ. जेटला दीड मिनिट. बोरिवलीहून सांताक्रूझ टाळून उलव्याला जायचं म्हणजे संध्याकाळच्या वेळी किती, ते त्याने त्याच्या टॅक्सीवाल्याला विचारावं असं मी सांगितलं. पनवेलच्या भाचीला मात्र डोळे मिटून उलव्याचं तिकीट काढायला लावलं. दोघंही एकाच आठवड्यात, एकाच लग्नाला जाणार आहेत. महिना फेब्रुवारीचा, म्हणून दोघांनाही एकच सूचना दिली: परतीच्या दिवशी संध्याकाळी मुंबईत कुणाला भेटायचं ठरवू नका.